नाशिकमध्ये राहून जीआयएस अ‍ॅनालिस्टचं काम: रोज नेमकं काय करतो आपण?

सह्यधार

भूगोल, शेती किंवा सिव्हिल शिकून जीआयएसकडे (नकाशा आणि माहिती संगणकावर जोडून वापरण्याचं तंत्र) वळू पाहणाऱ्या मुलामुलींचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) हल्ली बरेच येतात. हे काम नेमकं काय असतं, कोणतं सॉफ्टवेअर शिकू, नाशिकमध्ये भागेल की पुणंच गाठावं लागेल, असे प्रश्न असतात. एकेकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा धागाच काढतो. इथे भूमी अभिलेखमध्ये नोकरी केलेले, पाटबंधाऱ्यातले, बागायतदार असे सगळे आहेत. त्यांनीही लिहावं, कारण हे काम एकट्या संगणकावाल्याच्या हातचं नाही.

लोकांना वाटतं आम्ही नकाशे रंगवतो. रंग भरणं ही शेवटची पायरी. त्याआधीचा बहुतेक वेळ दहा ठिकाणांहून आलेली माहिती एकाच जमिनीवर नीट बसवण्यात जातो. पाणीपुरवठ्याचं काम घ्या. जलवाहिन्या ऑटोकॅडमध्ये काढलेल्या येतात, पण त्या पृथ्वीवर कुठे आहेत हे त्या फाइलला ठाऊकच नसतं. विकास आराखड्याचा स्कॅन येतो, तो घडी पडलेल्या कागदावरून केलेला. नळजोडण्यांची एक्सेल यादी येते आणि तिच्यात पत्ता असतो ‘मारुती मंदिराच्या मागे’. पंचवटीत अशी मंदिरं किती, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

नाशिकची एक खासियत बाहेरच्या अ‍ॅनालिस्टला पहिल्याच दिवशी भेटते. २० अंश उत्तर अक्षवृत्त आपल्या शहरातून जातं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटची (भूप्रदेशाच्या छापील नकाशाची) हद्द नेमकी तिथेच पडते, त्यामुळे रामकुंड एका शीटवर (४६ एच/१६) आणि नाशिकरोड स्टेशन दुसऱ्या शीटवर (४७ ई/१३). पश्चिमेला सातपूरच्या आसपास ७३ अंश ४५ मिनिटांचं रेखावृत्त येतं, तिथे आणखी दोन शीट सुरू होतात. म्हणजे एका शहरासाठी चार शीट जोडायचे. त्यातही पृथ्वीचा आकार धरायच्या पद्धती वेगळ्या: जुने शीट एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले आणि आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालणारा. तो फरक न सांगता एकावर एक ठेवलं की नदी पुलाखालून बाहेर सरकते.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी सॉफ्टवेअरची बटणं नंतर दाखवतो. आधी एक सवय लावतो: समोर आलेल्या प्रत्येक रेघेला विचारायचं, तुला कोणी मोजलं, कधी, कशाने आणि कशासाठी? याची उत्तरं नसतील तर ती रेघ नकाशावर आली तरी तिच्यावरून निर्णय घ्यायचा नाही. माझ्या मते अ‍ॅनालिस्टला पगार या जबाबदारीचाच मिळतो.

कसमादेची_लेक

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी भूगोलात एम.ए. करतेय, गाव सटाण्याकडे. दोन शंका आहेत.

१. क्लासवाले म्हणतात आर्कजीआयएस शिका, नोकरीत तेच लागतं. लायसन्स परवडत नाही. क्यूजीआयएसवर भागेल का?

२. प्रकल्पात तालुक्यातल्या गावांची नावं मराठीत भरली. माझ्या लॅपटॉपवर दिसतात, कॉलेजच्या संगणकावर चौकोन नाहीतर भलतीच चिन्हं येतात. शिवाय ‘गावाचे नाव’ हा रकाना सेव्ह केल्यावर अर्धाच उरतो. माझं कुठे चुकतंय?

सह्यधार

पहिल्याचं उत्तर: भागेल, आणि चांगलं भागेल. क्यूजीआयएस २००२ पासून वाढत आलंय, फुकट आहे आणि मराठी मजकूर व्यवस्थित दाखवतं. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची रीत), टोपोलॉजी (आकार एकमेकांना कुठे चिकटतात त्याचे नियम), जोडणी या कल्पना पक्क्या झाल्या की आर्कजीआयएसमध्ये फक्त मेनू शोधावे लागतात. सोबत पोस्टजीआयएस (नकाशांची माहिती साठवणारा डेटाबेस) आणि थोडं पायथन शिका. डेहराडूनच्या आयआयआरएसचे (भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे) ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क असतात, त्यांचं प्रमाणपत्रही मिळतं. तिथले मूलभूत वर्ग सोडू नका.

दुसऱ्यात चूक तुमची नाही, शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकाराची मर्यादा आहे; तुम्ही बहुधा त्यातच सेव्ह करताय. तिची माहिती जुन्या डीबीएफ साच्यात साठते. रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे तीन चिन्हं झाली की नाव तुटलं. काना-मात्राही वेगळं चिन्ह म्हणूनच मोजली जाते. रकान्यातला मजकूरही २५४ बाइटपर्यंतच. चौकोन दिसतात ते सोबतची ‘सीपीजी’ फाइल न पाठवल्यामुळे. कोणती लिपी-संहिता वापरायची हे तीच सांगते. यावर सरळ उपाय म्हणजे जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार वापरा. एकच फाइल, नावं पूर्ण, मराठी शाबूत.

आणि क्षेत्रफळ काढताना जपा. गुगलसारखी पार्श्वभूमी घेतली की प्रकल्प आपोआप वेब मर्केटर या प्रक्षेपणात जातो. त्या प्रक्षेपणातलं नुसतं क्षेत्रफळ आपल्या अक्षांशावर सुमारे १३ टक्के जास्त भरतं. एका एकराचे ४० ऐवजी ४५ गुंठे! शेतकऱ्याच्या हातात असा आकडा पडला तर बांधावर काय होईल, विचार करा. नाशिकसाठी यूटीएम या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर विभाग घ्या, सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३.

साखळी_आणि_आणे

मी भूकरमापक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. निफाड, सिन्नर, दिंडोरी या भागात बरीच शिवारं पायाखालून गेली. सह्यधार, रेघेला जाब विचारायची जी सवय तुम्ही सांगितली, तिच्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण तरुण पोरं गावनकाशा स्कॅन करतात आणि उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवतात, ते पाहून जीव तुटतो.

आपल्याकडची मूळ मोजणी साखळीने झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, म्हणून गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. शेतात मधून एक रेघ धरायची आणि क्रॉस स्टाफने (काटकोन धरायचं साधन) तिच्यावर लंब टाकून कोपरे घ्यायचे. ही मापं टिपणात उतरवलेली असतात. क्षेत्राचा हिशेब गुणाकार बुकात. म्हणजे खरं मोजमाप टिपणात आहे. गावनकाशा त्यावरून लहान प्रमाणावर काढलेला.

जुने गावनकाशे बहुधा इंचाला २० साखळी या प्रमाणाचे, म्हणजे १:७९२०. त्यावरची शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी जमिनीवर ती जवळपास चार मीटर रुंद होते. चार मीटरांत बैलगाडीचा रस्ता बसतो! त्यात कापडी नकाशे आकसलेले, घड्या पडलेले. अशा नकाशावरून मोबाइलवर ‘तुमचा बांध शेजाऱ्याने कोरलाय’ असं कोणी दाखवायला लागलं तर भाऊभाऊ कोर्टात जातील. हद्दीचा वाद असेल तर रीतसर मोजणीला अर्ज करा, टिपण काढा, जागेवरच्या जुन्या खुणा शोधा. आता रोव्हरने (उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्राने) मोजणी होते, अचूकता सेंटिमीटरांत येते, चांगलंच आहे. पण रोव्हर तुम्ही कुठे उभे आहात तेवढंच सांगतो. हद्द कुठे आहे हे कागदपत्रं आणि खुणा सांगतात.

सह्यधार

काका, ही पोस्ट प्रत्येक जीआयएस वर्गात वाचून दाखवावी अशी आहे.

एक भर घालतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर ज्या गावांत योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे जुन्या कागदावरचा ‘१२७’ आणि आजच्या सातबाऱ्यावरचा ‘१२७’ वेगळ्या जमिनी असू शकतात. दोन तक्ते नंबरावरून जोडले की संगणक खुशाल जोडून देतो, तक्रार करत नाही. जोडणी झाल्यावर निदान सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि नकाशावरचं क्षेत्र शेजारी ठेवून बघा. फरक मोठा दिसला तर ते गट वेगळे काढा आणि जाणत्या माणसाला दाखवा. माझ्या कामात हे ‘वेगळे काढलेले’ तक्ते सर्वात मोलाचे ठरतात.

पिंपळगावचा_बागायतदार

आमच्याकडे सध्या उपग्रहाची जोरात चर्चा आहे. एका कंपनीचं अ‍ॅप घेतलं होतं. एप्रिलमध्ये त्यात माझी अख्खी द्राक्षबाग लाल! ‘पीक ताणाखाली, तातडीने लक्ष द्या.’ अहो, खरड छाटणी झाली होती. वेलीवर पानच नाही तर हिरवं कुठून दिसणार? ऑक्टोबरच्या छाटणीला पुन्हा तेच. याउलट फेब्रुवारीत गारा पडल्या, मणी फुटले, तेव्हा अ‍ॅपमध्ये बाग हिरवीगार. मग हे तंत्र आमच्या कामाचं आहे की नाही, ते सरळ सांगा.

सह्यधार

कामाचं आहे, पण मर्यादेत. तुमच्या दोन्ही अनुभवांची कारणं सांगतो.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एक. त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. तुमच्या एका एकराचे ४० ठिपके. एका ठिपक्यात वेलींच्या तीन-चार ओळी, मधली मोकळी माती, गवत आणि मांडवाची सावली हे सगळं मिसळून एकच आकडा येतो. तो आकडा ‘या गुंठ्यात एकूण हिरवं किती’ एवढंच सांगतो. पानाखालचा फुटलेला मणी त्याला दिसत नाही, डाउनी रोगाची सुरुवातही दिसत नाही. छाटणीची तारीख माहीत नसेल तर छाटलेली बाग आणि वाळलेली बाग त्याला सारखीच. पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर ढगांमुळे आठवडेच्या आठवडे चित्र हाती लागत नाही. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून पाहतं, पण ते ओलावा आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा सांगतं. ते वाचायला वेगळा अभ्यास लागतो.

मग उपयोग कशाचा? तुमच्याच प्लॉटची तुलना त्याच प्लॉटशी करा. गेल्या वर्षी छाटणीनंतर साठाव्या दिवशी कसा होता आणि यंदा साठाव्या दिवशी कसा आहे. एखादा कोपरा दर वर्षी मागे पडत असेल तर तिथे ड्रिपचा दाब, मुरूम, निचरा बघा. तुमच्या अ‍ॅपवाल्याने छाटणीच्या तारखा विचारल्या होत्या का?

पिंपळगावचा_बागायतदार

नाही विचारल्या. पीक कोणतं, एवढंच विचारलं. प्लॉटवार तारखा माझ्या वहीत सगळ्या आहेत, निर्यातीच्या नोंदींसाठी ठेवाव्याच लागतात. वर्षाशी वर्ष लावून बघायची कल्पना पटली.

कालवा_फाटा

सिंचनातला सिव्हिल इंजिनिअर. मला पुराबद्दल लिहायचंय, कारण नाशिकमध्ये जीआयएसचा खरा कस तिथे लागतो.

हल्ली कोणीही तीस मीटरचं फुकट उंचीचं मॉडेल उतरवून घेतो, गोदावरीत पाणी ‘भरतो’ आणि निळा नकाशा समाजमाध्यमांवर टाकतो. असं एक मॉडेल म्हणजे एसआरटीएम; त्याचं मोजमाप २००० साली अवकाशयानातून झालं. रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरं दिसतात, जमीन नव्हे. उंचीतली चूक काही मीटरांची. आणि आपल्याकडे एक मीटर पाणी जास्त चढलं की सराफ बाजाराचं चित्र पालटतं. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची; या रेषांवर लोकांचे बांधकाम परवाने अवलंबून असतात. त्या ठरवायला नदीचे आडवे छेद प्रत्यक्ष मोजावे लागतात, पुलांच्या कमानी, बंधारे, गंगापूर धरणाचा विसर्ग, नासर्डी आणि वाघाडीचं पाणी हे सगळं धरावं लागतं. त्या फुकट मॉडेलवरून ब्रह्मगिरीच्या उताराचं पाणलोट काढा, वैतरणेकडे काय जातं आणि गोदावरीकडे काय ते बघा, त्याला माझी ना नाही. गल्लीत पाणी शिरेल का, हे त्याला विचारू नका.

अजून एक. जीपीएसची मूळ उंची लंबगोलापासूनची असते. नाशिकमध्ये ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरांहून जास्त कमी भरते. ड्रोनवाल्याकडून आलेली उंची कोणती, हे विचारल्याशिवाय ती धरणाच्या तलांकाशी (समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी) जोडू नका.

घरून_काम_इंदिरानगर

सगळे जमिनीचं बोलतायत, मी दुसरी बाजू मांडते. मी नाशिकमध्ये बसून परदेशातल्या फायबर नेटवर्कचं काम करते. कुठल्या खांबावरून केबल गेली, कुठल्या चेंबरमध्ये जोड आहे, एका केबलवर किती घरं, हे सगळं डेटाबेसमध्ये. ज्या गावांचे नकाशे रोज करते ती गावं कधी पाहिलेली नाहीत. सुरुवात नुसत्या डिजिटायझेशनने झाली, दिवसभर रेघा ओढायच्या. तिथेच राहिले असते तर पगारही तिथेच राहिला असता. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकले, तपासणीचे नियम लिहायला लागले (केबल हवेत संपते का, एका जोडाला क्षमतेपेक्षा जास्त केबल आहेत का) आणि काम बदललं. मुलींनो, ‘डिजिटायझर’ म्हणून सुरुवात झाली तर कमीपणा मानू नका, पण वर्षभरात पुढची पायरी ठरवा. पुण्यात संधी जास्त आहेत, हे मात्र खरं.

नवा_पाहुणा

एक शंका. आता एआय उपग्रहाच्या चित्रावरून इमारती आणि रस्ते आपोआप काढतं. गुगलने तर इमारतींचा डेटाच खुला केलाय. मग या क्षेत्रात यायचं कशाला?

सह्यधार

प्रश्न रास्त आहे. मी तो डेटा वापरतो. गंगापूर रोडच्या नव्या सोसायट्यांमध्ये, जिथे इमारती सुट्या आहेत, तिथे छान काम देतो. आता तोच जुन्या नाशकात उघडून पाहा. वाड्याला वाडा खेटलेला, भिंत सामाईक, वर पत्रे आणि कौलं एकमेकांत गेलेली. यंत्राला तिथे एक मोठं छप्पर दिसतं. त्या छपराखाली पाच कुटुंबं, तीन सिटी सर्व्हे नंबर आणि मधून जाणारा बोळ आहे, हे त्याला कळायला वावच नाही.

हे मी सिंहस्थाच्या संदर्भात गांभीर्याने सांगतोय. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. २०२७ च्या पर्वण्यांसाठी जो कोणी रस्त्यांचं जाळं बांधेल, त्याला प्रत्येक बोळाची रुंदी, उतार, पायऱ्या, मध्येच आलेला ओटा, बंद होणारं फाटक हे सगळं लागेल. तपोवनातून घाटाकडे किती माणसं किती वेळात जातील, हा हिशेब सर्वात अरुंद जागेवर ठरतो. त्या जागेची रुंदी वरून दिसत नाही. टेप घेऊन जावं लागतं, आणि गर्दीच्या दिवशी जावं लागतं, कारण दुकानांपुढचा माल रुंदी खातो. नकाशात तीन मीटर लिहिलं आणि प्रत्यक्षात दीडच मोकळं असलं तर काय होईल, हे सांगायला नको.

तेव्हा जरूर या. रेघा ओढायचं काम यंत्राकडे जात असेल तर जाऊ दे. रेघ कुठे खोटं बोलतेय हे ओळखणारी माणसं आत्ताच कमी आहेत.

कसमादेची_लेक

जिओपॅकेजमध्ये घेतलं, नावं सगळीकडे नीट दिसतायत! प्रकल्पाचा विषय अजून ठरलेला नाही. पुरावर काही करता येईल का? कालवा_फाटा सरांचं वाचून वाटलं की आपल्याला तर मॉडेलच करता येणार नाही.

कालवा_फाटा

मॉडेल करू नका, मोजमाप करा. त्याचीच टंचाई आहे. नाशिककर पूर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, मारुती बुडाला. २००८, २०१६, २०१९ या पुरांत कुठल्या दिवशी पाणी कुठवर होतं, याचे फोटो आणि बातम्या आहेत. जुन्या दुकानदारांनी भिंतींवर खुणाही करून ठेवल्यात. पण मारुतीचा गुडघा समुद्रसपाटीपासून किती मीटरवर? कंबर किती? सरकारवाड्याच्या कुठल्या पायरीची उंची त्याच्या छातीइतकी? एकदा लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) घेऊन या सगळ्यांना एका तलांकाशी जोडलं की लोकांच्या आठवणीतला प्रत्येक पूर आकड्यात येईल. पूररेषा ठरवायला त्याने होणार नाही, पण कोणाचंही मॉडेल पडताळून पाहायला होईल. एम.ए.च्या प्रकल्पाला भरपूर आहे.

सह्यधार

मी डेटाचा साचा करून देतो. प्रत्येक खुणेला फोटो, पुराची तारीख, कोणी सांगितलं आणि खात्री किती, हे रकाने हवेतच. सांगणाऱ्याचं नाव लिहू नका, ‘दुकानदार, तेव्हापासून तिथेच’ एवढं पुरे. मोजणी पावसाळ्याआधी आटपायला हवी.

साखळी_आणि_आणे

लेव्हल लावायला मी येतो. सकाळी लवकर जायचं, नऊनंतर गोदाघाटावर गर्दीत स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) दिसत नाही. पोरी, दोन मैत्रिणी सोबत आण. एकीने स्टाफ धरायचा, एकीने वाचन लिहायचं. आणि वाचन पेनाने लिहायचं, खोडायचं नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी नवं लिहायचं.

कालवा_फाटा

ऑटो लेव्हल आणि स्टाफ मी आणतो. सुरुवातीला कुठला बेंचमार्क (उंची माहीत असलेली पक्की खूण) धरायचा ते आधी बघून ठेवतो. जुने काही नव्या कामात बुजलेत. शेवटी परत त्याच बेंचमार्कवर येऊन फेरी बंद करायची, फरक किती येतो ते इथेच लिहू. येणाऱ्यांनी व्यनि करा.

पिंपळगावचा_बागायतदार

पूर नाही, पण गेल्या तीन हंगामांच्या छाटणीच्या तारखा प्लॉटवार टाइप करून पाठवतो, सह्यधार. कुठल्या रकान्यात काय भरू तेवढं सांगा.